माझ्या लेकीची पूर्ण हजेरी आणि कुमुदताई

कुमुदताई रामटेके यांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "मी तिला विचारलं, तुम्हाला नाही." ओळख ना पाळख, आणि एकदम हे. मी हबकलेच.

तेव्हा आम्हाला जयपूरला येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. माझे पती रेल्वेत लोको पायलट, भुसावळहून बदली झालेली. कॉलनीत कुणीतरी सांगितलं की बनी पार्कात नागपूरकडच्या एक बाई बालवाडी चालवतात, मराठी बोलतात. दुसऱ्याच दिवशी साडेतीन वर्षांच्या मनवाच्या दोन घट्ट वेण्या घालून मी वेळेच्या दहा मिनिटं आधी फाटकात हजर. कुमुदताई वाकल्या आणि मनवाला म्हणाल्या, "काय नाव हो तुमचं?" मी सांगून टाकलं, "मनवा. शंभरपर्यंत अंक येतात. रडत नाही, डबा सांडत नाही, सांगितलेलं ऐकते." कुमुदताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ते वाक्य म्हणाल्या. मनवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा कुठे तिने आपलं नाव सांगितलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, बाई जरा फटकळच दिसतात.

त्यांचं माहेर-सासर दोन्ही नागपूरचं. यजमानांच्या बदलीबरोबर इथे आल्या आणि ते निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे कडुनिंबाचं झाड आणि छोटं अंगण, एवढीच त्यांची बालवाडी. रेल्वेवाल्यांची मुलं, आसपासच्या घरांत कामाला येणाऱ्या बायकांची मुलं, सीतापुऱ्याला कंपनीत जाणाऱ्यांची मुलं, सगळी एकाच सतरंजीवर. मुलांशी त्या हिंदीत बोलतात आणि आमच्याशी इतक्या वर्षांनंतरही पक्क्या नागपुरी मराठीत. त्यांच्या कार्याचा मोठा आढावा त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी घेतीलच. मी एकाच प्रसंगाबद्दल लिहिणार आहे, कारण मनवा आज सहावीत गेली तरी त्या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेले नाही.

मनवाला घातल्यावर दोनच महिन्यांत कुमुदताईंनी मला शिक्षिका म्हणून ठेवून घेतलं. सकाळचा पहिला अर्धा तास त्या फाटकाशी उभ्या असायच्या. आतलं सगळं माझ्याकडे आणि मदतनीस भंवरीबाईंकडे. मला वाटायचं, त्या पालकांचं स्वागत करतात. हळूहळू लक्षात आलं की पालकांकडे त्यांचं फारसं लक्षच नसतं. मूल कुणाचं बोट धरून आलं, पुढे चालत आलं की मागे ओढत आलं, फाटकात शिरताना मागे वळून पाहिलं का, हे त्या पाहत. मग खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक पातळ वही काढत आणि त्या मुलाच्या नावापुढे एकच शब्द लिहीत. हजेरीपट माझ्याकडे होता, त्यात मी रोज खुणा करत असे. ही वही वेगळी. एकदा विचारलं, "ताई, यात काय लिहिता?" तर म्हणाल्या, "माझं आहे ते, राहू दे." विषय संपला.

त्या वर्षी आमच्याकडे अद्वैत नावाचा मुलगा होता. आईवडील दोघंही पुण्याकडचे, सीतापुऱ्यात आयटी कंपनीत नोकरीला, राहायला दुर्गापुऱ्यात. हा पठ्ठ्या आठवड्यातून दोन दिवस आला तर नशीब. आईचा रोज सकाळी फोन, "मॅडम, आज अद्वैतचं मन नाहीये." मी म्हणजे लाल व्हायचे. साडेतीन वर्षांच्या पोराला कसलं आलंय मन? आमच्या घरी वडील मुख्याध्यापक. ताप अंगावर काढायचा, पण शाळा चुकवायची नाही, असा खाक्या. मी कुमुदताईंना म्हणाले, "त्या बाईला एकदा चांगलं सुनावा." त्यांनी सुनावलं नाही. रविवारी मला बरोबर घेऊन त्या अद्वैतच्या घरी गेल्या, चहा घेतला, पोराबरोबर जमिनीवर बसून गाड्या खेळल्या आणि निघताना त्याच्या आईला एवढंच म्हणाल्या, "जायचं की नाही, हे त्याला नका विचारू. एवढं मोठं ओझं लेकरावर काहून टाकता? जायचं ते तुम्ही ठरवा. कोणता बूट घालून जायचं, ते त्याला ठरवू द्या." महिन्याभरात अद्वैत नियमित झाला. कधी एका पायात निळा आणि एका पायात लाल बूट घालून यायचा, पण यायचा.

यातून मी काय शिकावं? मी शिकले की माझंच बरोबर आहे, मुलांना विचारायचंच नसतं. आणि त्या भरात मी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. इथल्या ओढण्यांच्या काठाला गोटा म्हणून चमकदार पट्टी लावतात, तिचे तुकडे मी एका शिंप्याकडून आणले आणि त्यांच्या चांदण्या कापल्या. जो मुलगा येईल त्याच्या नावापुढे त्या दिवशीची चांदणी. कुमुदताईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "लावला न, असू दे. पाहू काय होते ते." मनवाची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत लखलखत होती. एकही जागा रिकामी नाही. इतर आयांनी माझ्याकडे पाहून "आपकी बेटी तो बड़ी सीधी है जी" असं म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. जयपूरला संक्रांतीला सगळं गाव गच्चीवर पतंग उडवतं, आम्हीही शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो होतो. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मनवाचं अंग कोमट लागलं. मी तापाचं औषध पाजलं, लोकरीची टोपी कानांवरून ओढली आणि तिला घेऊन निघाले. इथे काहीही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून लिहिते. त्या वेळी माझ्या डोक्यात तिचा ताप नव्हता, चांदणी होती.

खाऊच्या वेळी मी उकडलेल्या चण्यांचं पातेलं घेऊन आतल्या खोलीकडे गेले. दाराला पडदा होता. आत कुमुदताई मनवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टोपी काढलेली होती आणि तिच्या आतल्या अस्तराला पिवळा ओला डाग होता. त्या विचारत होत्या, "कधीपासून दुखून राहिलं, बाळा?"

"पतंगवाल्या दिवसापासून."

"मम्मीला सांगितलं?"

मनवाने मान हलवली, नाही. मग म्हणाली, "आजी, मम्मीला नका सांगू. मम्मी म्हणते, नाटक नको."

माझ्या हातातलं पातेलं पडलं नाही, एवढंच. "नाटक नको" हे माझेच शब्द. पाय दुखतो, नाटक नको. झोप येते, नाटक नको. मी ते इतक्या वेळा आणि इतक्या सहज म्हणायचे की ते माझ्या कानांना ऐकूही येत नसत. माझी लेक पाच दिवस कान फुटेपर्यंत कळ सोसत होती, माझ्या शेजारी झोपत होती, माझ्या हातून जेवत होती, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी शिक्षिका. लहान मुलांची शिक्षिका.

कुमुदताई आणि मी मनवाला दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले की कानाच्या पडद्याला छिद्र पडलं आहे. बहुतेक वेळा आपोआप भरून येतं, पण खात्री देता येत नाही. काही आठवड्यांनी ऐकू येण्याची तपासणी करू. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "इतना दर्द था, बच्ची ने घर में किसी को बताया नहीं?" कुमुदताई पटकन म्हणाल्या, "मुझे बताया, डॉक्टर साहब." त्यांनी मला वाचवलं. मला तेही सहन झालं नाही. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी म्हणाले, "ताई, मला बोला. वाट्टेल ते बोला, पण असं सांभाळून घेऊ नका." त्या मनवाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर त्यांनी ती पातळ वही माझ्यापुढे उघडून ठेवली. प्रत्येक मुलाची एक ओळ, रोजचा एक शब्द. अद्वैतच्या ओळीत होतं: रडत, आला नाही, आला नाही, रुसून, हसत, पळत, आला नाही, पळत. भंवरीबाईंच्या नातवाच्या ओळीत: झोपेत, हसत, भांडून, हसत. आणि मनवाच्या ओळीत चार महिने, एकही दिवस न चुकता, एकच शब्द होता. गप्प. गप्प. गप्प. गप्प. मी बोट लावून वाचत गेले. कुठेतरी एक हसत सापडेल, निदान एक रडत सापडेल म्हणून पुढे पुढे जात राहिले. सापडला नाही. भिंतीवर माझ्या तक्त्यात यातलेच कितीतरी दिवस चमकत होते.

मग मला राग आला. खरं सांगते, आलाच. मी म्हणाले, "चार महिने तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

कुमुदताई त्या वेळी सदुसष्ट वर्षांच्या होत्या. या वयाच्या, एवढा अधिकार असलेल्या माणसाकडून मी जे उत्तर अपेक्षिलं होतं ते आलं नाही. त्या म्हणाल्या, "चुकलंच माझं. तू नवीन होती. वाटलं, हिला लागेल, काम सोडून जाईल, पोरीलाही काढून नेईल. म्हणून थांबले. माझ्या थांबण्याचं लेकराच्या कानावर निघालं." पुढे त्यांनी जे केलं ते मी माझ्या घरी, माझ्या शाळेत, कुठेही कधी पाहिलेलं नव्हतं. त्या सतरंजीवर खेळत असलेल्या मनवासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आजीने तुला विचारायला उशीर केला. आजी चुकली." साडेतीन वर्षांच्या मुलीची माफी. मनवा त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी मी तक्ता काढला.

त्यांनी मला औषध दिलं ते असं: रोज सकाळी मनवाला विचारायचं, आज बालवाडीत जायचं का. ती जे सांगेल ते मान्य करायचं, आणि चेहरा वाकडा करायचा नाही. मी म्हणाले, "अहो ताई, अद्वैतच्या आईला तर तुम्ही सांगितलंत, विचारू नका म्हणून."

"मग? दोघींना एकच सांगून कसं चालेल बाप्पा? त्यांच्या घरी पोरगं बोलते अन् मायबाप ऐकत बसतात. तुझ्या घरी बोलणारी तू एकटीच."

मी विचारू लागले. पहिल्या दिवशी मनवा माझ्याकडे टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी, "हो." आठवडा, दोन आठवडे, रोज हो. मला वाटलं, झालं, पोरीला खरंच आवडतंय. कुमुदताई म्हणाल्या, "बोलायच्या आधी कुठे पाहते ती?" माझ्या तोंडाकडे. ती उत्तर देत नव्हती, माझ्या चेहऱ्यावरून वाचून दाखवत होती.

हे किती खोल गेलं होतं ते कळलं कानाच्या तपासणीला. काचेच्या खोलीत मनवाच्या कानांना यंत्र लावलं. आवाज आला की समोरच्या टोपलीत एक ठोकळा टाकायचा, एवढा साधा खेळ. मी शेजारी बसले होते. आवाज गेला, मनवाने ठोकळा उचलला आणि टाकायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा आवाज गेला, पुन्हा पाहिलं. आवाज ऐकू आला की नाही, हेसुद्धा तिला माझ्याकडून मंजूर करून हवं होतं. तपासणाऱ्या बाई दोन-तीनदा थांबल्या आणि मग नम्रपणे म्हणाल्या, "मम्मी, आप ज़रा बाहर बैठिए." माझ्या मुलीला ऐकू येतं का हे कळण्यासाठी मला खोलीबाहेर काढावं लागलं. कुमुदताई आत बसल्या. त्या दाराबाहेरची वीस मिनिटं मी कुणाला सांगू नयेत अशीच गेली. त्या बाहेर आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पडदा भरला आहे. ऐकू येते तिला, सगळं ऐकू येते." मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आता बोलायचं तेवढं राहिलं."

होळीच्या आधीचे दिवस होते. एका सकाळी मनवा जमिनीवर बसून रिकाम्या रिळांची रांग लावत होती. मी सवयीने विचारलं, "आज जायचं का गं?" तिने वर पाहिलंच नाही. रिळांकडे पाहतच म्हणाली, "नाही. आज नाही. मला हे करायचंय."

माझ्या घशाशी ते दोन शब्द आले होते. नाटक नको. मी ते गिळले. कसे गिळले ते माझं मला माहीत. "बरं," म्हणाले. तिचे पप्पा ड्युटीवरून येऊन घरीच होते, तिला त्यांच्यापाशी ठेवून मी एकटी निघाले. ई-रिक्षात मला रडू आवरेना. रिक्षावाले भैया दोनदा मागे वळून पाहत होते.

फाटकाशी कुमुदताई उभ्या होत्या. मी एकटी आलेली पाहून त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पिशवीतून वही काढली आणि मनवाच्या ओळीत लिहिलं: नाही म्हणाली. मग इतर पालक येत असतानाच फाटकाजवळच्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशीही मनवा नाहीच म्हणाली, तेव्हा मात्र माझा जीव वरखाली होऊ लागला. मी कुमुदताईंना विचारलं, "आता ही कधीच आली नाही तर?" त्या म्हणाल्या, "तर नाही येईल. तुझ्याशी बोलेल तर खरी." तिसऱ्या दिवशी ती आली, फाटकात शिरता शिरता अद्वैतशी बाटलीवरून कचकचून भांडली, आणि कुमुदताईंनी वहीत अत्यंत समाधानाने "भांडत" असं लिहिलं.

पालकांनी कडक असावं की मऊ, यावर आमच्या क्षेत्रात सगळे बोलतात. कुमुदताई बोलत नाहीत. रोज सकाळी त्या फाटकाशी उभ्या राहून मूल काय सांगतंय ते पाहतात, आणि प्रत्येक घराला त्या घराचं वेगळं सांगतात. चूक झाली तर स्वतःची चूक मुलापुढे कबूल करतात. पंचाहत्तराव्या वर्षीही अर्धा तास उभं राहणं चुकलेलं नाही. फक्त आता आम्ही तिथे एक खुर्ची ठेवतो आणि त्या तिच्यावर बसत नाहीत, पिशवी ठेवतात.

त्यांच्याकडून मी शिकवायला शिकले असं लोक म्हणतात. ते खरं असेलही. पण माझ्या घरी एक माणूस होतं आणि मला त्याचा आवाज माहीत नव्हता, तो मला त्यांनी ऐकवला, हे माझ्यापुरतं सगळ्यात मोठं आहे. त्यांना चांगली तब्येत लाभो, गुडघे न कुरकुरता चालोत, आणि अजून पुष्कळ वर्षं पुष्कळ मुलांनी त्यांच्या फाटकातून रडत, हसत, भांडत आत यावं, ही माझी मनापासूनची प्रार्थना आहे.

लेख पुरा होत आला तेव्हा मी मनवाला म्हणाले, शेवटी तुझ्याही शुभेच्छा लिहून टाकते. ती गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, माझ्या वतीने काही लिहू नको. मतलब, माझं मी आजींना स्वतः सांगेन." म्हणून वरच्या शुभेच्छा फक्त माझ्या आहेत.